लेडलॉ सरांची थ्री-नॉट-थ्री

तोंडात चीज रोल असताना माणसाने जुन्या पराक्रमाच्या गोष्टी काढू नयेत, हे आयव्हर लेडलॉला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. तोवर माटिउने बॉलपेन काढलेलं होतं.

दक्षिण बेटाच्या टोकाला, साउथलंडातल्या ड्रमलोरी गावच्या शेतीसामानाच्या दुकानात शनिवारी सकाळी, मेंढ्यांच्या औषधाच्या डब्यांशेजारी, शाळेच्या मदतीसाठी गरम चीज रोल विकायला ठेवतात. आयव्हर तिथे बुटांच्या नाड्या घ्यायला गेला होता. अडतीस वर्षं गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवून तो नुकताच निवृत्त झाला होता, आणि नव्यानेच निवृत्त झालेल्या माणसाला बुटांच्या नाड्या हा अख्ख्या सकाळचा कार्यक्रम होऊ शकतो. माटिउ दाराच्या काचेवर एक कागद चिकटवत होता. हा गावच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी, आणि आयव्हरचा जुना विद्यार्थी. तसं पाहिलं तर निम्मं गाव आयव्हरच्या हाताखालून गेलं आहे, फक्त त्यातल्या एकालाही नद्यांची नावं आठवत नाहीत.

कागदावर लिहिलं होतं : 'मार्चमध्ये ओटेकुरा क्लबशी नेहमीचा मैत्रीचा सामना. फक्त जुन्या लष्करी रायफली. दुर्बीण चालणार नाही. एक माणूस कमी आहे.'

"कमी कसा?" आयव्हरने विचारलं.

"विल्फचा गुडघा बदलला, सर. नेम धरायला तो जमिनीवर झोपतो अजून, पण मग उठवायला दोघं लागतात. आमचे दोन नेमबाज त्यातच जातात."

इथे आयव्हरने नाड्या घेऊन घरी यायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "चौसष्ट साली शाळेच्या कॅडेटमध्ये थ्री-नॉट-थ्रीने पन्नासपैकी अठ्ठेचाळीस काढले होते मी. आज ती हातात आली ना, तरी..."

तरी काय, ते सांगायच्या आत चीज टाळ्याला चिकटलं. ते सुटेपर्यंत माटिउने 'एक माणूस कमी' खोडून त्यावर 'लेडलॉ सर' असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. दुकानातल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर नाही म्हणणं मास्तराच्या जातीला जमत नाही.

त्याची बायको नोएलीन हिला ही बातमी खाटकाकडे कळली. नोएलीन तीस वर्षं गावच्या दवाखान्यात नर्स होती. ती सहसा आवाज चढवत नाही. आताही चढवला नाही.

"आयव्हर," ती किमा ओट्यावर ठेवत म्हणाली, "मागच्या महिन्यात टोस्टरमधून पाव उडाला तेव्हा तू किंचाळला होतास."

"तो अचानक उडाला."

"आणि बंदुकीची गोळी काय, पत्र पाठवून उडते?"

उत्तर नसलं की माणूस जिद्दीला पेटतो.

रायफलीचा प्रश्न नव्हता, असं आयव्हरला वाटत होतं. त्याच्या कॉलिनकाकांची थ्री-नॉट-थ्री होती. काका वारल्यापासून ती माटिउच्या कुलूपबंद खोलीत पडून होती. आयव्हर ती बघायला गेला. माटिउने ती कापडातून बाहेर काढली. रायफलीचं पुढचं निम्मं लाकूडच नव्हतं. कॉलिनकाकांनी एक्कावन्न साली हरणांच्या शिकारीला हलकी पडावी म्हणून ते करवतीने कापून टाकलं होतं. त्या काळी साउथलंडातला प्रत्येक काका हेच करत असे. नळी उघडी पडली होती, पायजमा आखूड झालेल्या माणसाच्या नडगीसारखी.

"सामन्याचा नियम आहे, सर," माटिउ ओशाळून म्हणाला. "शिपायाने खांद्यावर घेतली तशी हवी. अख्खी. ओटेकुरावाले त्या बाबतीत फार कडक आहेत."

"मैत्रीचा सामना आहे ना?"

"म्हणून तर."

आता ही गोष्ट स्वतःजवळ ठेवावी, तर आयव्हरने ती कुंपणापाशी बेव्हनला सांगितली. बेव्हन हा शेजारी. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला देता येतो. हे सल्ले चुकीचे असतात अशातला भाग नाही. ते अर्धे बरोबर असतात, आणि त्यानेच घात होतो. बेव्हन म्हणाला, "पेपरात जाहिरात दे. या भागात कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर ते लाकूड पडलेलं असणार."

जाहिरात अशी होती : 'हवे आहे : थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या पुढच्या भागाचे जुने लाकूड. संपर्क : लेडलॉ, ड्रमलोरी.' ती साप्ताहिकात गुरुवारी छापून आली. जागा कमी पडली असावी, किंवा अक्षरं जुळवणाऱ्याचं मन दुसरीकडे असावं. छापलं गेलं ते एवढंच : 'हवे आहे : जुने लाकूड. लेडलॉ, ड्रमलोरी.'

शुक्रवारी आयव्हर आणि नोएलीन दाताच्या डॉक्टरकडून परत आले, तेव्हा त्यांच्या गॅरेजच्या दारापुढे एक ट्रेलरभर सरपण ओतलेलं होतं. वर चिठ्ठी : 'फुकट आहे. माझंही अंगण मोकळं झालं. देव भलं करो.' खाली सही नाही. शनिवारी आणखी एक ट्रेलर आला. रविवारी कोणीतरी रेल्वेचे सहा जुने स्लीपर आणून ठेवले. गाडी गॅरेजमध्ये जाईना म्हणून रस्त्यावर उभी केली, तर नगरपालिकेची चिठ्ठी आली की गाडी गॅरेजमध्ये ठेवावी.

बेव्हन कुंपणावर कोपरं टेकून उभा होता. "साल वरच्या बाजूला ठेवून रच," तो म्हणाला. "म्हणजे पाणी मुरत नाही."

आयव्हरने त्याच्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत नववीच्या वर्गाकडेही त्याने असं पाहिलं नव्हतं.

आठवड्याने एका बाईंचा फोन आला. ऑड्री नावाच्या, ऐंशीच्या घरातल्या, वीस मैलांवर राहणाऱ्या. त्यांना मूळ जाहिरातीचा अर्थ कसा लागला कोण जाणे, पण त्यांनी विचारलं, "बंदुकीचंच हवंय ना? आमच्या यांचं होतं एक. मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावलंय."

आयव्हर धावत गेला. लाकूड तेच होतं. अक्रोडाचं, काळपट, कोंबड्यांनी जरा सजवलेलं, पण अखंड.

"न्या की," ऑड्रीबाई म्हणाल्या. "पैसे नकोत. पण मग माझं दार कशाने लावू?"

आयव्हरने नवा अडसर बसवायचं कबूल केलं. अडसर बसवताना कळलं की बिजागरी कुजली आहे. बिजागरी काढताना कळलं की चौकट कुजली आहे. चौकट हलवली तेव्हा खुराडं बसलं. पडलं नाही, उंटासारखं गुडघ्यात वाकून खाली बसलं. एकोणीस कोंबड्या बाहेर पडल्या आणि आयव्हर दोन दिवस ऑड्रीबाईंचं नवं खुराडं बांधत होता. रेल्वेचे सहाच्या सहा स्लीपर त्यात गेले, एवढीच काय ती जमेची बाजू. तिसऱ्या दिवशी तो लाकूड घेऊन घरी आला तेव्हा त्याच्या कानामागे एक पीस होतं आणि नोएलीनने ते काढलं नाही, कारण तिला संध्याकाळभर बघायचं होतं.

इकडे बंदुकीच्या परवान्याचं चाललेलंच होतं. आधी लेखी परीक्षा. तीस प्रश्न, बरोबर उत्तरावर खूण करायची. ज्याने जन्मभर पेपर काढले, त्याच्यापुढे दुसऱ्याने काढलेला पेपर ठेवला की काय होतं ते सांगायला नको. आयव्हरने अकराव्या प्रश्नातली दोन उत्तरं बरोबर ठरू शकतात असं समासात सविस्तर लिहिलं, बाविसाव्यातला स्वल्पविराम दुरुस्त केला, आणि वेळ संपल्यामुळे शेवटचे चार प्रश्न सोडवले नाहीत. नापास झाला. ड्रमलोरीत लेडलॉ सर परीक्षेत नापास झाले ही बातमी चीज रोलच्या टेबलावर जितकी चवीने खाल्ली गेली तितके रोलसुद्धा कधी खाल्ले गेले नसतील. दुसऱ्या खेपेला नोएलीनने दारात सांगितलं, "फक्त खुणा कर, आयव्हर. मत मांडू नकोस." तो पास झाला.

मग घरी मुलाखत. पोलिसांकडून ग्लेनिस नावाच्या बाई आल्या. गोल चेहरा, मांडीवर फाईल, फार मायाळू. आयव्हरशी त्या वीस मिनिटं बोलल्या. मग म्हणाल्या, "आता मिसेस लेडलॉंशी बोलते. एकटीशी. नियम आहे. तुम्ही जरा बागेत फेरी मारता?"

बायकोला स्वतंत्र विचारतात हे आयव्हरला माहीत नव्हतं. तो बागेत गेला. एक फेरी झाली, दहा झाल्या. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. आतून आधी बोलण्याचा आवाज, मग किटलीचा, मग हसण्याचा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग दोघींच्या हसण्याचा असा स्फोट झाला की कुंपणापलीकडून बेव्हनने डोकं वर काढलं. दीड तास. बाहेर पडताना ग्लेनिसबाई डोळे पुसत होत्या आणि त्यांच्या हातात नोएलीनच्या जॅमची बरणी होती.

"काय सांगितलंस?" आयव्हरने विचारलं.

"विचारलं तेवढं. त्या म्हणाल्या, ते रागावतात का? मी म्हटलं, हो. गवत कापायच्या यंत्रावर, रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्यांवर, आणि नकाशाची उलटी घडी घालणाऱ्यांवर."

"एवढंच?"

"मग विचारलं, रागावल्यावर काय करतात? मी म्हटलं, शेडमध्ये जाऊन खिळे आकाराप्रमाणे लावतात. हे त्यांनी लिहून घेतलं." नोएलीन कप विसळत म्हणाली. "शेवटी विचारलं, तुम्हाला त्यांची भीती वाटते का?"

"मग?"

"तेव्हाच हसलो ना आम्ही."

आयव्हरला परवाना मिळणार होता. पण असा मिळावा, अशी त्याची अपेक्षा नव्हती. घरात बंदूक ठेवायला योग्य ठरण्यासाठी माणूस इतका निरुपद्रवी निघावा, याचं त्याला कुठेतरी लागलं. त्यातून घराबाहेरचा साक्षीदार म्हणून बेव्हनचं नाव दिलं होतं. त्याने ग्लेनिसबाईंना आयव्हर सज्जन असल्याचं दोन वाक्यांत सांगितलं आणि उरलेला पाऊण तास लेडलॉंच्या बाजूचं कुंपण किती वाढलंय ते दाखवलं.

आता एकच उरलं होतं : लोखंडी कपाट. ते भिंतीला पक्कं बोल्ट लावून ठोकलेलं पाहिजे, ग्लेनिसबाई ते हलवून बघणार, आणि किल्ली कुठे आहे ते परवानाधारकाखेरीज कोणाला ठाऊक असता कामा नये. जागा ठरली चादरी-टॉवेलांच्या कोनाड्यात. बेव्हनने सल्ला दिला, "भिंतीवर बोटाने टकटक कर. पोकळ वाजलं तर सोड, भरीव वाजलं तिथे भोक पाड." आयव्हरने अर्धा तास टकटक केलं. एका जागी छान भरीव वाजलं. तिथे ड्रिल लावलं. जे भरीव वाजत होतं तो गरम पाण्याचा पाइप होता.

त्या दिवसाबद्दल लेडलॉंच्या घरात फारसं बोलत नाहीत. प्लंबर आयव्हरचा जुना विद्यार्थी निघाला. भिंतीत हात घालून तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, गरम पाण्याचे झरे उत्तर बेटात असतात, आपल्या दक्षिण बेटात नाहीत म्हणून?"

कपाट शेवटी बसलं, परवाना आला, आणि खुराड्याचं लाकूड चढवून अख्खी झालेली रायफल त्यात गेली. टॉवेल पियानोवर राहायला गेले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच घरातल्या एका कपाटाची किल्ली नवऱ्याजवळ होती आणि बायकोला तिचा पत्ता नव्हता. आयव्हर त्या आठवड्यात जरा ताठ चालत होता.

सरावाला मात्र ताठपणा उतरला. चौसष्ट साली थ्री-नॉट-थ्री खांद्याला टेकली की थोपटल्यासारखी वाटत असे. आता ती रेड्याने ढुशी दिल्यासारखी लागत होती. पाच गोळ्यांत खांदा निळा झाला, दहांत जांभळा. त्याहून वाईट डोळ्यांचं होतं. नळीच्या टोकाला जी बारीक माशी असते ती स्पष्ट दिसली की तीनशे यार्डांवरचं निशाण धुक्यात जाई, आणि निशाण दिसलं की माशी उडून जाई. चष्म्याच्या दोन भागांपैकी कुठला वापरावा म्हणून तो झोपल्या झोपल्या मान वरखाली करी. लांबून बघणाऱ्याला वाटे, सर कोणाला तरी हो हो म्हणतायत. शेवटी चष्मा एका ठरावीक कोनात घट्ट बसला तर दोन्ही जेमतेम दिसतात असा शोध लागला. त्यासाठी इलॅस्टिक हवं होतं. ते त्याने स्वतःच्या जुन्या चड्डीतून काढलं. याचा उल्लेख त्याने कोणाजवळ केला नाही, पण इलॅस्टिकवर कंपनीचं नाव छापलेलं होतं आणि ते बरोबर कपाळावर येत असे.

सामन्याच्या सकाळी किल्ली सापडेना.

ती त्याने इतकी जपून ठेवली होती की स्वतःपासूनही सुटली होती. टेबलाचे खण झाले, कोटांचे खिसे झाले, चहाचे डबे झाले. माटिउ गाडी घेऊन दारात हॉर्न देत होता. आयव्हर बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसला आणि म्हणाला, "संपलं. फोन करून सांग, सर मेले."

नोएलीन दारात टेकून उभी होती. "मला किल्ली कुठे आहे ते माहीत नाही," ती म्हणाली. "कायद्याने मला माहीत असताच कामा नये. पण मी जर निवृत्त भूगोलमास्तर असते, तर ती पृथ्वीच्या गोलात, दक्षिण ध्रुवाच्या भोकातून आत टाकली असती."

गोल हलवला. आत खुळखुळलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काय माहीत आहे?" नोएलीनने विचारलं आणि ती कोट घालायला गेली. खंदकात माणसं कमी पडतायत म्हणून माटिउने तिलाही बोलावलं होतं. निशाणांच्या पुढे मातीचा उंच बांध असतो, त्याच्या आड खोल खंदकात बसून ही माणसं निशाणांच्या चौकटी दोरीने वर करतात, खाली ओढून भोकं मोजतात आणि पुन्हा वर करतात.

मैदानावर वारा असा होता की उभं राहायलाच बळ लागत होतं. सामना दहाला सुरू व्हायचा. पावणेदहाला शेजारच्या शेतातल्या चाळीस मेंढ्या कुंपणातून शिरून बरोबर निशाणांपुढे चरायला लागल्या. त्यांना हाकलायला गेलेले ड्रमलोरीचे आणि ओटेकुराचे लोक दोन वेगवेगळ्या दिशांनी हाकलत होते. मेंढ्या मधोमध राहिल्या. अकराला सुरुवात झाली.

आयव्हरची जागा तिसरी. चौथ्यावर ओटेकुराचा हेक्टर, वय वर्षं शहाऐंशी. त्याला त्याच्या मुलीने दंडाला धरून आणलं, खाली पसरलेल्या ताडपत्रीवर नीट आडवं केलं, रायफल हाती दिली. साठ वर्षं हा म्हातारा न चुकता या सामन्याला येत होता आणि चषक एकदाही त्याच्या वाट्याला आला नव्हता. दोन्ही गावांना हे पाठ होतं.

"बरं आहे ना पोरा?" हेक्टरने विचारलं. आयव्हरला कोणी पोरा म्हणून तीस वर्षं झाली होती.

"बरं आहे. तुम्ही?"

"वारा आहे जरा," हेक्टर म्हणाला आणि दुसरीकडेच बघत राहिला.

सावकाश मारायच्या फेरीत आयव्हरने पन्नासपैकी एकतीस काढले. अगदीच वाईट नव्हतं. हेक्टरचे नऊ झाले. मग शेवटची जलद फेरी : एका मिनिटात दहा गोळ्या. चषक याच फेरीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याला मिळतो. मधल्या वेळात सगळे उठले, विल्फला दोघांनी प्रेक्षकांतल्या खुर्चीतून उगाचच उठवलं, चहा झाला. पुन्हा झोपताना आयव्हरचं इलॅस्टिक सरकलं. त्याने ते ओढलं, चष्मा बसवला, जरा अंग वळवून आडवा झाला आणि थक्क झाला. माशी स्पष्ट. निशाण स्पष्ट. काळा वाटोळा ठिपका, जणू कोणी त्याच्यासाठी पुसून ठेवलेला.

शिट्टी वाजली.

त्या मिनिटाबद्दल आयव्हर काही सांगू शकत नाही. खांदा दुखला नाही, वारा लागला नाही, हात आपसूक रायफलीचा बोल्ट मागे घेत होते आणि पुढे ढकलत होते. तो पंधरा वर्षांचा होता, शाळेच्या खाकी चड्डीत होता आणि प्रत्येक गोळी सुटतानाच त्याला कळत होतं की ती लागली. दहा. शिवाय नऊ सेकंद शिल्लक.

तो उठून बसला. निशाणं खाली गेली. माणसं मोजत होती. मग एकेक वर येऊ लागली. तिसऱ्याच्या खाली लाल झेंडी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे हलली. म्हणजे : एकही नाही. दहाच्या दहा फुकट.

आयव्हरला वाटलं, त्यांची चूक झाली. मग चौथ्या क्रमांकाचं निशाण वर आलं आणि ओटेकुरावाल्यांनी आरोळी ठोकली. सत्तेचाळीस! हेक्टर सत्तेचाळीस!

आयव्हरने चष्म्याचा वरचा भाग डोळ्यांपुढे घेतला आणि आपली रायफल जिकडे तोंड करून पडली होती तिकडे पाहिलं. ती चार नंबरकडे तोंड करून पडली होती. अडतीस वर्षं पोरांना नकाशा वाचायला शिकवलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या निशाणावर आयुष्यातली सर्वोत्तम नेमबाजी केली होती. हेक्टरच्या स्वतःच्या दहा गोळ्या मागच्या टेकडीत गेल्या होत्या, त्यामुळे भोकं बरोबर दहाच भरली होती. शंका घ्यायला कोणाला जागाच नव्हती. माटिउने येऊन आयव्हरच्या पाठीवर हात ठेवला. "होतं असं, सर," तो म्हणाला. असं सांत्वन आयव्हरने नापास मुलांच्या बापांना पुष्कळ वेळा केलं होतं.

क्लबच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मटण भरून भाजलेल्या पाई आणि टोमॅटो सॉस होता. नोएलीन चिखलाने माखून खंदकातून आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिसरी चौकट तिच्याकडेच होती.

"माझ्या डोक्यावरून एकही गोळी गेली नाही, आयव्हर," ती हळूच म्हणाली. "सगळा कडकडाट शेजारी चालला होता. दहा अगदी ठेक्यात. बाकीचे कुठेतरी टेकडीवर, ढगात." तिने त्याच्याकडे पाहिलं. "सांगणार आहेस?"

समोर हेक्टर चषक मांडीवर घेऊन बसला होता. चषक म्हणजे चांदीचा मुलामा उडालेलं भांडं, पण त्याने ते दोन्ही हातांनी असं धरलं होतं की कोणी मागितलं तर चावेल. मुलगी डोळे पुसत त्याचे फोटो काढत होती. ड्रमलोरी सामना अकरा गुणांनी हरलं होतं. आयव्हरचे सत्तेचाळीस धरले असते तर दणदणीत जिंकलं असतं. सहा महिने, दोन ट्रेलर सरपण, एक खुराडं, एक पाइप, एक नापास परीक्षा आणि एका जुन्या चड्डीचं इलॅस्टिक खर्ची घालून त्याने ते सत्तेचाळीस मिळवले होते. ते त्याचे होते.

आयव्हर उठला. खुर्ची मागे सरकली. सर बोलणार म्हटल्यावर जुने विद्यार्थी सवयीने ताठ बसले. त्याने तोंड उघडलं. हेक्टर त्याच्याकडे, किंवा त्याच्या जवळपास कुठेतरी, बघत होता.

"मला वाटतं," आयव्हर म्हणाला, आणि त्याने सॉसची बाटली उगाचच सरळ करून ठेवली. "मला वाटतं, आज जी नेमबाजी चौथ्या निशाणावर झाली, तशी मी चौसष्ट सालानंतर पाहिली नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओटेकुराच्या कप्तानाने येऊन हात मिळवला आणि हार पचवावी तर ड्रमलोरीच्या माणसाने, असं म्हणाला. नोएलीनने टेबलाखालून त्याचा हात दाबला. आयव्हरला स्वतःबद्दल एकदम फार बरं वाटलं. आपण मोठे आहोत, हे फक्त आपल्याला आणि आपल्या बायकोला माहीत असण्यात एक वेगळंच सुख असतं, असं त्याला वाटलं. ते सुख अंदाजे बारा मिनिटं टिकलं.

बाहेर गाड्या निघत होत्या. हेक्टरची मुलगी रायफली डिकीत ठेवत होती. हेक्टर पुढच्या सीटवर, चषक मांडीवर. त्याने काच खाली केली आणि बोटाने आयव्हरला जवळ बोलावलं.

"पोरा, वाक जरा."

आयव्हर वाकला.

"त्याचं असं आहे," हेक्टर कुजबुजला, "मोतिबिंदू झाल्यापासून मला ते ठिपके दिसतच नाहीत. तीन वर्षं झाली. टेकडी दिसते. मी आपला टेकडीवर मारतो. टेकडी काही चुकत नाही."

आयव्हर आणखी वाकला.

"पहिली गोळी वाजली तेव्हाच माझ्या कानाला कळलं तू कुठे मारतोयस ते. साठ वर्षं मारतोय, आवाजावरून कळतं. म्हटलं, मधे बोलून मुलाचा हात कशाला हलवा." त्याने चषकावरून अंगठा फिरवला. "भाषण छान केलंस. मी घाबरलो होतो, तू खरं बोलतोस की काय."

"म्हणजे तुम्हाला... तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?" हेक्टर म्हणाला. मुलगी येऊन बसली, गाडी सुरू झाली. काच वर करता करता त्याने पुन्हा डोकं बाहेर काढलं आणि खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, "मन लहान करू नकोस रे पोरा! पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच शेजारी झोप. शिकशील हळूहळू!"

आजूबाजूचे लोक कौतुकाने हसले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर चषक एकदा चमकला. आयव्हर वाऱ्यात उभा होता, खांदा ठणकत होता, कपाळावर इलॅस्टिक तसंच होतं. त्यावरचं नाव माटिउ मघापासून वाचत होता.

नोएलीन त्याचा कोट घेऊन आली. "एवढं काय सांगत होता तो तुला?"

"काही नाही," आयव्हर म्हणाला. "नेम कसा धरायचा ते शिकवत होता."